कांद्याच्या ढिगावरचं इंग्रजी

नोकरीत असताना कुणी विषय विचारला आणि मी "इंग्रजी" म्हटलं, की समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसायचा. आता मी त्याला उभं करून काहीतरी विचारणार, अशी त्याला धास्ती. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, "मॅडम, सध्या काय चाललंय?" मी सांगते, "शब्दांना घरं शोधून देते." मग ते विषय बदलून कांद्यावर येतात. आमच्याकडे कुठलाही अवघड विषय शेवटी कांद्यावरच येतो. या लेखाचंही तसंच होणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तीस वर्षं मी डिंगोऱ्याला शिकवलं. निवृत्तीनंतर कळंबच्या पुढं आमच्या गावी राहायला आले. दुपारी झोपायची सवय लागण्याच्या आत बारावीची चार पोरं दारात उभी राहिली. त्यांना कायद्याच्या पाच वर्षांच्या कोर्सची प्रवेशपरीक्षा द्यायची होती. त्या पेपरात इंग्रजी उतारे असतात आणि उताऱ्यांत असे शब्द असतात, जे आमच्या पोरांनी ना कधी ऐकलेले, ना कधी वापरलेले. शहरातल्या पोरांच्या कानावरून ते निदान जाता-येता गेलेले असतात. आमच्या पोरांच्या कानावरून ट्रॅक्टर जातो.

गावातल्या दूध डेअरीच्या वरची खोली मिळाली. डेअरीचे सेक्रेटरी बबनराव म्हणाले, "म्याडम, खोली घ्या, फक्त खाली दूध घालायच्या टायमाला पोरान्ला पाय आपटू देऊ नका. फॅट हालतं." फॅट कसं हालतं ते मी विचारलं नाही. वर्ग सकाळी सहाला भरवायचा विचार होता, पण तेव्हा उसात बिबट्या फिरत होता आणि उजाडल्याशिवाय कुणी पोरं सोडेना. म्हणून साडेसात. खाली कॅन आदळायचे आणि वर आम्ही शब्दांशी झुंजायचो.

या धंद्यात नसलेल्यांना वाटतं, शब्द शिकवायचे म्हणजे यादी द्यायची, पाठ करून घ्यायची, रविवारी परीक्षा घ्यायची. मीही कितीतरी वर्षं तेच केलं. डिंगोऱ्याला माझा दत्तात्रय नावाचा विद्यार्थी होता. त्यानं शब्दकोश पाठ करायला घेतला आणि 'एम' अक्षरापर्यंत पोचला. कुठलाही शब्द विचारा, अर्थ तयार. मी भर वर्गात त्याची पाठ थोपटली. परीक्षेत मात्र तेच शब्द वाक्यात बसून आले आणि त्याला एकही ओळखू येईना. "मॅडम, सगळे चेहरे ओळखीचे व्हते, पर बोलावं कुनाशी ते कळंना," असं तो म्हणाला. त्याची चूक काहीच नव्हती, चूक माझी होती. ती शाबासकी मला अजून बोचते.

तेव्हापासून मी एक धरून चालते. शब्दाचा अर्थ पाठ करणं म्हणजे लग्नात भेटलेल्या पावण्याचं नुसतं नाव लक्षात ठेवणं. त्याचं गाव कुठलं, तो कुणाचा कोण, कुणाच्या पंगतीला बसतो आणि कुणाच्या घरचं पाणी पीत नाही, हे कळलं तरच तो ओळखीचा झाला.

पण हे करायचं कसं, ते मला सायलीनं दाखवलं. सायली म्हणजे त्या चार पोरांतली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी. एक दिवस 'गॅर्युलस' हा शब्द काही केल्या कुणाच्या डोक्यात राहीना. उगाच अघळपघळ बोलत सुटणारा, असा अर्थ मी तीनदा सांगितला. चौथ्यांदा सायली मागच्या बाकावरून म्हणाली, "म्हंजी रामभाऊ न्हावी." वर्ग हसत सुटला. त्यानंतर तो शब्द कुणी विसरलं नाही.

मग आम्ही तोच नियम केला. प्रत्येक शब्दाला गावातलं एक घर द्यायचं. बबनरावांकडे जुने फ्लेक्स पडलेले असतात. त्यातला एक मोठा घेतला. दर्शनी बाजूला तालुक्यातल्या एका पुढाऱ्याला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा होत्या, पाठची बाजू कोरी पांढरी. त्या पांढऱ्या बाजूवर पोरांनी गावाचा नकाशा काढला. रस्ता, देऊळ, डेअरी, आणि एकेक घर. घरापुढं चिंच असेल तर चिंच, हापसा असेल तर हापसा. आणि घरावर इंग्रजी शब्द.

मी एक अट घातली होती, आणि पुढचं सगळं रामायण त्या अटीमुळं घडलं. "तो तसाच आहे" एवढ्यावर शब्द द्यायचा नाही. प्रसंग सांगायचे, तीन तरी. बाकीच्यांनी उलटतपासणी करायची. पुरावा टिकला तर शब्द घरावर चढणार. नंतर नवा पुरावा आला तर शब्द बदलताही येईल. पोरांना याची इतकी गोडी लागली, की काटकसरी आणि कंजूष यांतला फरक बबनरावांच्या निमित्तानं दोन दिवस चालला. खाली ते दूध मोजतायत आणि वर त्यांचा खटला चाललाय! शेवटी त्यांना 'फ्रूगल' मिळाला, म्हणजे काटकसरीच. खोली त्यांनी दिली होती, हा पुरावा मी स्वतः दाखल केला.

आता आबा. आबा म्हणजे सायलीचे आजोबा. तिचे वडील चाकणला कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी येणार आणि कशालाही "आबांना विचार" म्हणणार. आबांचा शब्द म्हणजे घरातला शेवटचा शब्द. आबांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा, गेनूभाऊंचा, बांधावरून बावीस वर्षं दावा चालू. तारखेला दोघं एकाच एसटीनं जाणार, एक पुढच्या दारानं चढणार, दुसरा मागच्या. गेनूभाऊंचा नातू ओंकार हाही माझ्याच वर्गात. तो आणि सायली दोन टोकांना बसायचे, पण शब्द अडला की चिठ्ठी इकडून तिकडं जायची. ते मला दिसायचं आणि मी फळ्याकडं तोंड करायचे.

सायलीला वकील व्हायचं होतं. आबा म्हणाले, "वकील आपल्या घरात नको. मंचरला कालेजात जा, बीएस्सी कर, मास्तरीन व्हय." का नको, ते सांगत नव्हते. सायलीनं वडिलांना कसंबसं तयार करून फॉर्म भरला, आणि भरायला मी मदत केली. आबांना त्यातलं काही सांगितलं नव्हतं. पोरीच्या भल्यासाठी केलं, हे खरं. पण त्या म्हाताऱ्याला बगल दिली, हेही तितकंच खरं. परीक्षा दहा दिवसांवर आली तेव्हा सायलीनं त्यांना सांगितलं. आबा म्हणाले, "जायचं नाय." एवढंच. ती रोज विचारायची, ते रोज तेवढंच म्हणायचे.

आणि त्याच आठवड्यात अवकाळी आला.

उन्हाळी कांदा काढून शेतात ढीग लावलेले. दुपारी आभाळ भरून आलं आणि गावभर एकच पळापळ. ताडपत्री, पोती, जुने पडदे, जे हाताला लागेल ते घेऊन लोक शेतात. आबा धापा टाकत डेअरीत आले. "बबन, कायतरी दे झाकाया!" वरच्या खोलीच्या कोपऱ्यात आमचा फ्लेक्स गुंडाळून ठेवलेला होता. बबनरावांनी तोच आणून दिला. मी त्या वेळी घरी वाळवण गोळा करत होते.

आबांचा कांदा रस्त्याला लागून, एसटीच्या थांब्यासमोर. त्यांनी फ्लेक्स उलगडला तर वाढदिवसाचे पुढारी हात जोडून हसतायत. हे पुढारी आबांच्या विरुद्ध पार्टीचे. आपल्या रानात ह्याचं थोबाड रस्त्याकडं करून ठेवायचं? भर पावसात, कांदा भिजत असताना आबांनी तो फ्लेक्स पालथा केला. पुढाऱ्याचं तोंड कांद्यात आणि आमचं इंग्रजी आभाळाकडं. सरळ पसरला असता तर कुणाला काही कळलं नसतं. कडेनं दगड ठेवून आबा समाधानानं घरी गेले.

पोरांनी न पुसणाऱ्या मार्करनं लिहिलं होतं. माल चांगला निघाला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. थांब्यावर आलेल्या प्रत्येकाला समोर आपलं गाव दिसायला लागलं. देऊळ ओळखलं, हापसा ओळखला, मग आपापलं घर. लोकांनी मोबाईलमध्ये फोटो काढले, मोबाईलनं मराठी अर्थ सांगितले, आणि दहा वाजेपर्यंत गावातल्या प्रत्येक घराला आपला शब्द समजला. चक्कीवाल्या शेवंताकाकू 'मेटिक्युलस' म्हणजे काटेकोर निघाल्या. त्यांनी त्या दिवशी पीठ आणखी बारीक दळलं. रामभाऊ न्हाव्याला त्याच्या शब्दाचा अर्थ कळला तेव्हा तो त्या अर्थावर पाऊण तास बोलला. बबनराव वर येऊन म्हणाले, "म्याडम, फ्रूगल चांगलं का वाईट?" मी म्हटलं, "चांगलं." ते म्हणाले, "मंग खोली ऱ्हाऊ द्या."

एकटे आबा कोरडे राहिले. त्यांच्याकडं बटनांचा फोन. आणि त्यांना अर्थ सांगायची गावात कुणाची छाती नव्हती. लोक त्यांच्या कांद्यापाशी येत होते, हसत होते आणि आबा दिसले की, "लई झ्याक कांदा हाय यंदा," म्हणून सटकत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर काठीचा आवाज आला. आबा. खांद्यावर फ्लेक्स. त्यांनी तो बाकांवर पसरला, त्याला अजून कांद्याचा वास येत होता. चिंच काढलेल्या घरावर त्यांनी काठीचं टोक टेकवलं.

"बाई, हे माझं घर. काय लिव्हलंय?"

'ऑब्स्टिनेट' लिहिलं होतं. म्हणजे हट्टी, तेही चांगल्या अर्थानं नव्हे. कारण पटलं तरी जागचा न हलणारा, हेकट. मी तीस वर्षं खरे अर्थ सांगत आले. पण परीक्षा पाच दिवसांवर होती, सायली मान खाली घालून बसली होती, आणि आता म्हातारा दुखावला तर संपलंच, हे मला दिसत होतं. मी चक्क खोटं बोलले.

"आबा, म्हणजे आपल्या मताचा पक्का माणूस."

आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग सायलीकडं. "खरं का गं?"

सायली उठून उभी राहिली. "नाय आबा. हेकट."



"कुनी लिव्हलं?"

"मी."

आबांची काठी फ्लेक्सवरून शेजारच्या घराकडं सरकली. "आन ह्या गेन्याच्या घराव?"

"रेझोल्यूट," ओंकार पुटपुटला. "म्हंजी निश्चयी."

आबांनी काठी आपटली. बबनरावांचं फॅट त्या दिवशी नक्की हाललं असणार. "बावीस वर्षं त्यो बी त्याच बांधाव हाय आन मी बी त्याच बांधाव हाय! त्यो निश्चयी आन मी हेकट? ह्ये कुठलं इंग्रजी?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. त्याच एका वागण्याला प्रेमानं पाहिलं की एक शब्द आणि त्रास झाला की दुसरा, ही या परीक्षेतली सगळ्यात अवघड गोष्ट. ती शिकवायला मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करते. आबांनी ती एका दमात मांडली.

सायली म्हणाली, "ते ओंकारनं लिव्हलंय, त्याच्या आजोबांसाठी. आपल्या मानसाला गोड शब्द द्यायला काय लागतं? मी बी दिला असता."

"मंग का न्हाई दिला?"

"पुरावा नव्हता, आबा. हितं पुराव्याबिगर शब्द मिळत न्हाई."

"आन हेकटाचा पुरावा हाय व्हय तुज्याकडं?"

"हाय. तीन हायेत." तिनं बोटं मोजायला घेतली. "आत्याच्या दिराच्या लग्नाला जीपमधी गेनूबाबा बसले म्हून तुमी चालत गेला आन अक्षदा पडल्याव पोचला. डोळ्याचा डॉक्टर ओळखीचा हाय, फुकट करतो म्हनला, तरी तुमी ऑपरेशन करीत न्हाई. आन तिसरा..." इथं तिनं तिसरं बोट धरून ठेवलं. "तिसरा, मी रोज इचारते परीक्षेला जाऊ का. तुमी नाय म्हनता, पर कारन सांगत न्हाई."

"कारन हाय!" आबा ओरडले. मग आवाज खाली आला. "वकील खोटं बोलत्यात. बावीस वर्षं बघतोय मी. त्याचा बी खोटं बोलला आन माझा बी. माझ्यासाठी बोलला, तरी खोटंच. आपल्या घरातली पोर तसलं करायला लागली तर मी कुनाकडं बघू?"

इतक्या वर्षांत हे कारण त्यांनी कुणाला सांगितलं नसावं.

सायली म्हणाली, "आबा, आत्ता मॅडमनी तुमाला गोड अर्थ सांगितला. मी गप बसले असते तर चाललं असतं. परीक्षेला बी जायला मिळालं असतं. मंग मी काय केलं?"

आबा बाकावर बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, कारण त्या खोलीत खोटं बोललेली एकटी मीच होते. शेवटी ते उठले, फ्लेक्सची घडी करून काखेत मारली आणि जिन्याच्या तोंडाशी म्हणाले, "ह्यो मी नेतो. कांदा अजून झाकायचा हाय." आभाळ निरभ्र होतं.

संध्याकाळी ते माझ्या दाराशी आले. मी आधी माफी मागितली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. परीक्षा कुठं हाय?"

"पुण्यात."

"गाडी किती वाजता?"

"आबा, जाऊ देताय तिला?"

"मी तसं कुठं म्हनलो? गाडी इचारली."

परीक्षेच्या दिवशी जीप एकच होती. पहाटे आबा सगळ्यांच्या आधी पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. मागं गेनूभाऊ, ओंकारला सोडायला. पुण्यापर्यंत दोघांत एक अक्षर नाही. केंद्राबाहेर एकच झाड होतं. दोघं त्याच्या दोन बाजूंना, पाठीला पाठ. गेनूभाऊंनी चहा आणला आणि एक कप आबांच्या शेजारी दगडावर ठेवून, न बोलता, आपल्या बाजूला गेले. आबांनी तो प्यायला, पण पार गार झाल्यावर.

सायली बाहेर आली ती हसतच. "आबा, तुमी आला व्हता पेपरात!"

"मी?"

"ऑब्स्टिनेट. उताऱ्यात होता. बघितल्याबरोबर वळकला."

आबांनी झाडाच्या पलीकडं मान वळवली. "आन ह्यो?"

"गेनूबाबा नव्हते."

"बघ!" आबा म्हणाले. त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता. आणि खरं सांगते, गेनूभाऊंचीही पाठ हसल्यासारखी हालत होती.

सायलीला पुण्यात प्रवेश मिळाला. ओंकारला नाही. त्याला शब्द तिच्याहून जास्त येत होते, पण वेळ पुरला नाही. घड्याळ लावून उतारे सोडवायची सवय मी त्यांना उशिरा लावली, हे माझं चुकलं. तो यंदा पुन्हा बसतोय आणि डेअरीवरच्या वर्गात आता माझ्या हाताखाली नव्या पोरांची उलटतपासणी घेतो. माझ्यापेक्षा कडक घेतो.

बांध अजून आहे तिथंच आहे आणि दावाही. आबांनी डोळ्याचं ऑपरेशनही केलेलं नाही. सगळं चांगलंच झालं असं लिहिलं, तर सायली पुण्याहून फोन करून पुरावा मागेल.

ती होस्टेलला गेली त्या दिवशी तिला एसटीत बसवून आबा सरळ डेअरीवर आले. फ्लेक्स परत आणला होता, धुऊन, नीट घडी घालून. "पोरान्ला लागंल," म्हणाले आणि बाकावर ठेवून खाली दूध घालायला गेले. मी घडी उलगडली. मला वाटलं होतं, त्यांनी तो शब्द खोडला असणार.

शब्द तसाच होता. त्याच्याखाली, कांद्याच्या गोण्यांवर खुणा करायच्या लाल रंगानं, चौथीपर्यंत शिकलेल्या थरथरत्या अक्षरांत, आबांनी आपला पुरावा दाखल केला होता :

"पर नातीला जाऊ दिलं."